उसवायची राहिलेली ओळ

बेचाळीस वर्षं मास्तरांनी शिलाई मशीनवर काढली. बोलता बोलता कॉलर उलटवायची, डोळे मिटून बाही जोडायची, आणि गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच त्याच्या कमरेचं माप मनात टिपून घ्यायचं, असा हा माणूस. आसपासच्या चार गल्ल्यांत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मास्तर म्हणजे मास्तर. अशा माणसाला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी साधा धावदोरा घालता येत नाही, असं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. पण ते म्हणाली आक्का, आणि आक्काचं बोलणं हसण्यावारी न्यायची या घरात कुणाची टाप नव्हती.

आक्का ही मास्तरांची थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी. दोन गल्ल्या सोडून बेकरीच्या वर तिच्या दोन खोल्या होत्या. पावाचा वास जिन्यातून थेट तिच्या उशापर्यंत यायचा. आयुष्यभर तिनं हातानं गोधड्या शिवल्या. घरातलं एकही मूल असं नव्हतं की जे तिच्या गोधडीत लोळलं नाही. पण आता एका डोळ्यात पडदा आला होता, दुसरा नावापुरता उरला होता, आणि बोटांची पेरं वाकून बसली होती. सुई धरायची म्हटलं तरी तिच्या चेहऱ्यावर कळ उमटायची. शेवटी तिच्या लेकीनं ठरवलं की आईला आता एकटं ठेवायचं नाही. लेक राहायची दूर, दीड दिवसाच्या प्रवासावर. आठ रविवार गेले की सोमवारी ती गाडी घेऊन येणार होती.

"दोनच बॅगा हं, आई," असं तिनं फोनवर बजावलं होतं.

दोन बॅगांपैकी पहिलीत काय जाणार, हे आक्काचं ठरलेलं होतं. आईची गोधडी. चौसष्ट वर्षांची. आई इस्पितळाच्या धुण्याच्या खात्यात कामाला होती. तिथल्या विरलेल्या चादरी आत, आणि वर घरातल्या सगळ्यांचे जुने कपडे, अशी ती बेतली होती. आता तिची कड सुटली होती, वरचं कापड इतकं झिजलं होतं की बोट लावलं तर पलीकडे जाईल. ती टिकवायची तर एकच मार्ग होता. तिला तशीच पोटात घेऊन वरून आणि खालून नवं कापड लावायचं आणि सगळे थर मिळून पुन्हा टाके घालायचे.

"आण इकडे," मास्तर म्हणाले. "मशीनवर अर्ध्या तासाचं काम."

"मशीन नको. हातानं."

"आक्का, माझा हात म्हणजे मशीनच."

"म्हणून तर नको म्हणते," आक्का म्हणाली. "तू नुसतं माप घे आणि वरच्या कापडाचं बघ. पुढचं पुढे."

मास्तर गोधडी घेऊन दुकानात आले, आणि तिथं त्यांच्या डोक्यात शहाणपण शिरलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे ते इतरांना नेहमी सांगायचे. दुपारी दुकान बंद होतं. त्यांनी मशीनला जाड सुई लावली, टाक्याचा काटा फिरवला आणि एका कोपऱ्यावर कापड ठेवून गोधडी दाबाखाली सरकवली. पहिली सुई मोडली. दुसरी चालली, अगदी छान चालली. वीतभर शिवण पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आतला थर सरकून गोळा झालाय. तो सारखा करायला त्यांनी गोधडी हलकेच ओढली. मशीनच्या बारीक भोकांची रांग त्या जीर्ण कापडाला सोसली नाही. तिकिटाचा कागद फाटावा तशी ती शिवणीवरून सरळ फाटत गेली.

चहा घेऊन आलेल्या बायकोनं मशीनकडे पाहिलं, मग गोधडीकडे.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच ना?" तिनं विचारलं. मग त्यांचा चेहरा बघितला आणि कप त्यांच्या हाताशी सरकवला.

रफू करून लपवावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. रफूत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी ते केलंही, दोन संध्याकाळी बसून, डोळ्यांत तेल घालून. शनिवारी गोधडी आक्काच्या मांडीवर ठेवली. ते चपला काढून वळेपर्यंत तिची बोटं त्या कोपऱ्यावर पोचली होती.

"मशीनवर घातलीस," आक्का म्हणाली.

"वीतभरच."

आक्कानं वाकड्या बोटांनी माप घेतलं. "सव्वा."

ती रागावली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "बाळ्या, लेकीचं घर चांगलं आहे. लेकही चांगली आहे. पण तिथं माझं असं काही नाही. ही अंगावर असली तर मला झोप लागेल. आणि अशी फाटकी नेली तर ती नवी दुलई आणील आणि ही कपाटाच्या वर जाईल. प्रेमानंच करील, पण करील. माझे हात आता चालत नाहीत. तुझे चालतात, पण त्यांना येत नाही. आठ रविवार आहेत. शिकतोस का?"

जगात त्यांना बाळ्या म्हणणारं हे एकच माणूस उरलं होतं, आणि ते सोमवारच्या गाडीनं जाणार होतं. मास्तरांनी मान हलवली. मग तिला दिसलं नसेल, असं वाटून "शिकतो" असं तोंडानंही म्हणाले.

त्या गोधडीचं आणि मास्तरांचं नातं जुनं होतं. लहानपणी एका खोलीत चौघं. दोन्ही मुलं त्या एकाच गोधडीत. झोपायच्या वेळी त्यांचा एक खेळ चालायचा. एकानं तुकड्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, कुणाचं? निळा जाड तुकडा बाबांच्या कामावरच्या डगल्याचा. ठिपक्यांचा आक्काच्या फ्रॉकचा. पिवळा खिडकीच्या पडद्याचा, त्यावर भांडण, कारण पडदा कुणाचाच नसतो. आणि उशाकडच्या कडेला धावदोऱ्याची एक ओळ होती, बाकी सगळ्या सरळ ओळींना सोडून भलतीकडे भटकलेली. वर चढायची, खाली उतरायची, एका जागी तर मागे वळून बघावं तशी वळायची. आई त्यांची दोन बोटं त्या ओळीवर ठेवून म्हणायची, "ही बाळाची वाट. इथून निघायचं आणि घरी यायचं." मग बोटांचे पाय करून ते चालत निघायचे. चढावर दमायचे, उतारावर पळायचे, आणि घर यायच्या आत झोपून जायचे.

आईनं आपल्यासाठी मुद्दाम वाकडी वाट शिवली, ही गोष्ट मास्तरांनी आयुष्यभर सगळ्यांना सांगितली. बायकोला तर इतक्यांदा, की ते "आमच्या आईनं" म्हणाले की ती पुढचं वाक्य पूर्ण करायची. आता नवं कापड लागलं की ती वाट कायमची आत जाणार होती. हे मास्तरांना लागलं होतं, पण फाडून बसलेल्या माणसानं तक्रार कुठल्या तोंडानं करायची.

पहिल्या रविवारी सराव. आक्कानं जुन्या चादरीचे चार थर जमिनीवर पसरले, चार कोपऱ्यांवर इस्त्री, डबा, डबा आणि खलबत्ता ठेवला आणि म्हणाली, "घाल." मास्तरांनी खिशातून खडू आणि पट्टी काढली. "ती ठेव बाजूला. डोळ्यानं घाल." त्यांनी एक ओळ घातली. टाके सगळे एका मापाचे होते. आणि कापड असं आक्रसलं होतं की ओळीच्या दोन्ही बाजूंना चुण्याच चुण्या.

आक्कानं बोट फिरवलं. "कुणावरचा राग काढतोयस?"

"राग कसला?"

"मग एवढा ओढतोस कशाला? दोरा ओढायचा नाही, आणून सोडायचा. शर्टाला घट्ट लागतं, कारण त्यात माणूस उभा असतो. यात झोपायचंय." आणि बोथट सुईनं तिनं अख्खी ओळ उसवून टाकली. उसवायला तिला डोळे लागत नव्हते.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. दोरा कमरेएवढा लांब घेतला म्हणून बोलणी बसली, कारण लांब दोऱ्याला गाठी फार आणि माणसाला घाई फार. मशीनवरचा हात टाका पडला की घट्ट बसवायचाच, जित्याची खोड. चार ओळी घातल्या, चारही उसवल्या. घरी आल्यावर मास्तर म्हणाले की आता बस झालं, या वयात कुणाचं ऐकून घ्यायचं.

"बेचाळीस वर्षं लोकांना ऐकवलंत," बायको म्हणाली. "थोडं परत आलं तर बिघडलं कुठं?" आणि तिनं सुईत दोरा ओवून दिला.

तिसऱ्या रविवारी आक्कानं त्यांचा डावा हात धरून कापडाखाली सरकवला. "हे बोट इथं ठेव. वरून सुई खाली आली की याला लागली पाहिजे. लागली म्हणजे सगळे थर आले. मग वर घे."

"टोचेल ना."

"टोचेलच. आई म्हणायची, वरचा हात शिवतो, खालचा सांगतो."

बेचाळीस वर्षांत मशीनची सुई ज्यांना शिवली नव्हती, त्या मास्तरांच्या मधल्या बोटाची त्या आठवड्यात चाळण झाली. पण बुधवारी दुकानात खाली बसून सरावाच्या कापडावर टाके घालताना काहीतरी झालं. सुईचं टोक बोटाला नुसतं लागलं, टोचलं नाही, आणि हात आपोआप वर वळला. पुन्हा तसंच. आणि पुन्हा. दोरा आला आणि थांबला. कापड सपाट राहिलं. मास्तर त्या ओळीकडे बघत राहिले. चोविसाव्या वर्षी पहिला शर्ट पुरा झाला तेव्हा ते असेच बघत राहिले होते, आणि तेव्हा तो हातात घेऊन बघायला आई होती. मग ते उठून पाणी प्यायले.

चौथ्या रविवारी खरं काम मांडलं. वरच्या कापडासाठी मास्तरांनी दुकानातले बेचाळीस वर्षांचे उरलेले तुकडे काढले होते, शाळांच्या गणवेशांचे करडे, निळे आणि चौकटीचे, तीन वेळा धुऊन मऊ केलेले. खाली आक्काची चादर, मध्ये आईची गोधडी. ती झाकायच्या आधी त्यांनी उशाकडच्या वाटेवरून एकदा बोटं चालवून घेतली. आक्काला ते दिसायचं काही कारण नव्हतं. मग कच्चे टाके घालून सगळं पक्कं केलं आणि कडेनं पहिली ओळ घ्यायला बसले. रीत अशी की कडेपासून निघायचं आणि गोल गोल फिरत मध्यावर यायचं. म्हणजे पहिली ओळ सगळ्यांना दिसणारी.

आणि ओळ सरळ पडेना. सरावाचं कापड वेगळं आणि आईची गोधडी वेगळी. प्रत्येक टाक्याला त्यांना तो फाटण्याचा आवाज ऐकू येत होता. ओळ आधी वर चढली, ती खाली आणायला गेले तर जास्तच खाली उतरली, मध्ये दोन टाके नखाएवढे आणि पुढचे दोन बोटाएवढे. कड संपली तेव्हा मास्तरांची पाठ घामानं भिजली होती. त्यांनी गोधडी आक्काकडे सरकवली आणि बोथट सुई तिच्या हाताशी ठेवली.

आक्कानं बोट फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. चढावर थांबलं, उतारावर थांबलं.

"हं," आक्का म्हणाली. "पुढे चल."

मास्तरांना वाटलं, बोटांनीही दगा दिला म्हातारीला. आणि दुसरी ओळ, जी पहिल्यापेक्षा नक्की बरी होती, ती तिनं अर्धी उसवली. कारण काय, तर शेवटी शेवटी घाई झाली. हे गणित मास्तरांना सुटलं नाही, पण उसवायच्या राहिलेल्या ओळीची आठवण करून द्यायला ते काही खुळे नव्हते.

त्यानंतरचे आठवडे दुकानाचं शटर अर्धं उघडं असायचं आणि मास्तर आत जमिनीवर असायचे. गिऱ्हाइकं वाकून बघायची. एक जण तिसऱ्यांदा येऊन म्हणाला, "मास्तर, माझी पँट?"

"पँटला कसली घाई? तिला कुठं गावाला जायचंय?" मास्तर म्हणाले आणि पुढचा टाका घेतला.

ओळ ओळीला चिकटून आत सरकत होती. सहाव्या रविवारी आक्कानं फक्त एक वीत उसवली. सातव्याला चार टाके. त्या दिवशी शिवता शिवता ती जुनं बोलत होती. बाबा कामावरून आले की डगला दाराबाहेर झटकायचे आणि आई तरी म्हणायची, पुन्हा झटका. इस्पितळातून आलेल्या चादरींना साबणाचा असा वास असायचा की बाळ्या लहानपणी विचारायचा, आपण आजारी आहोत का? मास्तर हसले, आणि हसताना सुई चालूच होती हे त्यांना नंतर कळलं. हात आता विचारायला थांबत नव्हता.

आठव्या रविवारी मध्य आला. शेवटची गाठ मारून त्यांनी गोधडी आक्काच्या मांडीवर ठेवली. तिची बोटं मध्यापासून निघाली, एक फेरा, दुसरा, तिसरा. बोथट सुई हाताशी होती. बोटं फिरत फिरत मंद झाली आणि थांबली. मास्तरांनी वर बघितलं, काय चुकलं म्हणून. आक्काला झोप लागली होती. मास्तरांनी आवाज न करता डबे उचलले, खलबत्ता जागेवर ठेवला आणि जिना उतरले. खाली बेकरीवाल्याला त्यांनी विनाकारण सांगितलं, "झाली बरं का." कसली झाली, हे त्यानं विचारलं नाही, पण एक पाव हातावर ठेवला.

सोमवारी सकाळी गोधडीची घडी घालायला मास्तर पुन्हा वर गेले. लेकीची गाडी यायला तासभर होता. दोन बॅगा दाराशी उभ्या होत्या, भिंतीवर फोटो काढलेल्या जागा पांढऱ्या दिसत होत्या. मास्तरांनी गोधडी खिडकीपाशी धरली. ऊन तिच्यावर पडलं, आणि त्या उन्हात एकापेक्षा एक सरळ ओळींच्या बाहेर, सगळ्यांत वर, ती पहिली ओळ. त्यांना लाज वाटली. एवढं शिकलो आणि जगाला दिसणार काय, तर हे. परक्या घरी लेक ती बघणार, तिच्या घरचे बघणार, आणि म्हणणार, मास्तर म्हणे. तासभर होता. तेवढ्यात एक ओळ उसवून नवी घालणं आता त्यांच्या हातचा मळ होता. त्यांनी कात्री काढली आणि पहिला टाका तोडला.

"काय करतोयस?" आक्कानं पलंगावरून विचारलं. डोळे गेले तरी कान होते.

"एक ओळ राहिलीय. तुझ्या हातून निसटली होती. आत्ता घालतो सरळ."

"निसटली नव्हती," आक्का म्हणाली. "ठेव ती कात्री."

मास्तरांनी कात्री ठेवली.

"आईच्या गोधडीतली ती तुझी वाट," आक्का म्हणाली. "ती आईनं नाही घातली. मी घातली. दहा वर्षांची होते. पहिलीच ओळ माझी. बाबा हसले. अगदी पोट धरून हसले, वाईट मनानं नाही, पण मी रडून गोंधळ घातला. मी ती उसवायलाच बसले होते. आईनं माझ्या हातातून सुई काढून घेतली. तू दोन वर्षांचा, झोपत नव्हतास, किरकिर चालली होती. तिनं तुझी दोन बोटं धरून माझ्या ओळीवर ठेवली आणि म्हणाली, ही बाळाची वाट. पुन्हा कुणी हसलं नाही. आणि तू त्या वाटेशिवाय एक दिवस झोपला नाहीस."

मास्तर खाली बसले. आयुष्यभर त्यांनी ही गोष्ट चुकीची सांगितली होती.

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तू किती कौतुकानं सांगायचास. लग्नात सांगितलंस, पोरांना सांगितलंस, दुकानात माप घेता घेता सांगितलंस. माझंच तर कौतुक होतं ते. आणि त्या ओळीच्या जोरावर मी पुढच्या सगळ्या गोधड्या शिवल्या. उसवली असती तर हात लावला नसता पुन्हा." तिनं गोधडीकडे हात पुढे केला. "किती टाके तोडलेस?"

"एक."

"घाल परत. होता तसा."

मास्तरांनी सुई घेतली. दोरा ओवायला त्यांना फार वेळ लागला, कारण डोळे पुसायचे होते आणि दोन्ही हात कामात होते. नवा टाका त्यांनी जुन्या भोकांतूनच घेतला, वाकडाच, खालचं बोट लावून, आणि दोरा आणून सोडला. आक्कानं बोट फिरवून तो तपासला. उसवला नाही.

गाडी आली. लेकीनं बॅगा मागे ठेवल्या आणि गोधडीही ठेवायला हात पुढे केला, तर आक्का म्हणाली, ही माझ्याजवळ. ती मागच्या सीटवर बसली, गोधडी मांडीवर, वाकडी कड वर. मास्तर काचेशी वाकले. म्हणायचं खूप होतं. "पोचलीस की फोन कर," एवढंच म्हणाले.

"करते. आणि बाळ्या, त्या माणसाची पँट देऊन टाक."

गाडी सुरू झाली. काचेतून त्यांना आक्काचा हात दिसत होता. तिनं दोन बोटं पहिल्या ओळीच्या सुरुवातीला ठेवली आणि चालायला लागली. गाडी बेकरीच्या कोपऱ्यावर वळली तेव्हा ती बोटं पहिल्या चढावर पोचली होती.